पालथी परात

(कार्यकर्त्यांच्या लेखन शिबिरात दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे. – संपादन गट)



सकाळी फळ्यावर दुपारच्या सत्राचा विषय लिहिला, 'रहस्यकादंबरी कशी लिहावी', तेव्हा मागच्या रांगेत हशा पिकला. एकजण म्हणाली, "सकाळी पंचनामा वाचायला शिकलो, आता दुपारी खून करायला शिकायचं का?" मला ते बोलणं आवडलं. कारण मी जे सांगणार आहे ते या दोहोंच्या मधलंच आहे. आपल्यापैकी पुष्कळजणी केंद्रावर येणाऱ्या बायकांच्या कहाण्या ऐकतात, टिपून ठेवतात, अर्ज लिहितात. त्यातल्या काहींना वाटतं की यावर गोष्ट लिहावी. लिहायला बसलं की मात्र कविता होते, नाहीतर भाषण होतं. रहस्यकथेचा विचार कुणी करत नाही. तो करावा, एवढं सांगायला मी उभी आहे.

माझी आई सातवी शिकलेली. वाचनालयाची वर्गणी वडिलांच्या नावावर, पुस्तकं आणायचं काम माझं. चिठ्ठीवर वर एखादं चरित्र असायचं आणि खाली बाबूराव अर्नाळकर. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणारा हा लेखक. त्यांचे झुंजार आणि काळापहाड आमच्या आळीत जावयांपेक्षा जास्त ओळखीचे होते. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. आई दुपारी भांडी उरकली की वाचायची. वडलांची चाहूल लागली की पुस्तक तांदळाच्या डब्यामागे. रहस्यकथा म्हणजे हलकं वाङ्मय आणि बाईमाणसानं तर हातच लावू नये, असा तो काळ. एकदा पुस्तक मिटून ती म्हणाली, "आपण आणतो त्यात बाई एकतर मरते, नाहीतर फसवते. ती कधी ओळखत का नाही गं?" खुनी कोण हे बाई कधी का ओळखत नाही, असं तिला म्हणायचं होतं. मी तेव्हा बारा वर्षांची. मला त्या प्रश्नाचं काही वाटलं नाही. वीस वर्षांनी वाटलं.

१९९१ सालच्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका गावात एक मुलगी जळून मेली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. सासरच्यांचा जबाब असा की रात्री भाकरी थापत असताना शेजारच्या स्टोव्हचा भडका उडाला. 'अकस्मात मृत्यू' म्हणून नोंद झाली. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेचा असा मृत्यू झाला तर शवविच्छेदन आणि दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हायला पाहिजे, ही तरतूद १९८३ मध्येच आली होती. इथेही ती झाली, म्हणजे कागदावर झाली. मुलीची आई आमच्या केंद्रावर आली तेव्हा कागद जवळजवळ बांधून ठेवलेले होते. खटपट करून आम्ही पंचनाम्याची नक्कल मिळवली.

ती नक्कल मी मोठ्यानं वाचत होते. आमच्या गटात एक अक्का होत्या, वय साठीच्या पुढे, अक्षरओळख नाही. भिंतीला टेकून तंबाखू मळत ऐकत होत्या. पंचनाम्यात पंच लिहितात तसं लिहिलेलं होतं. खोलीची लांबीरुंदी, दाराची दिशा, मग वस्तूंची यादी. त्यात एक ओळ अशी होती की चुलीजवळ दुरडीत भाकरी नग ९, आणि भिंतीला लोखंडी परात पालथी टेकवलेली. मी पुढे गेले. अक्का म्हणाल्या, "मागं जा. परात कशी व्हती?"

"पालथी."

"घरात खाणारी किती?"

"चार."

"मग नऊ भाकरी झाल्या, परात धुऊन पालथी घातली, म्हंजे बाई हात धुऊन मोकळी झाली. मग भाकरी थापताना पेटली कशी?"

खोलीत कुणी बोललं नाही. मी बी.ए. झालेली, तीन वेळा ती ओळ वाचलेली. दोन पंच पुरुष, लिहून घेणारा पुरुष, तपासणारा पुरुष. त्यांनी परात पाहिली, मोजली, लिहिलीसुद्धा. काय लिहिलं ते त्यांना कळलं नाही. आणि मलाही कळलं नव्हतं. नुसतं बाई असून भागत नाही, परातीशी रोजचा संबंध लागतो.

आम्ही अर्ज केला. फौजदार म्हणाले, "बाई, भाकऱ्यांवरून केस उभी राहत नाही." प्रकरण तिथेच संपलं. कागदावर संपलं. माझ्या डोक्यातून परात जाईना. दोन वर्षांनी मी एक कादंबरी लिहायला घेतली. ती लिहिताना ज्या चुका केल्या त्याच आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट. रहस्यकादंबरीत खरं तर दोन गोष्टी असतात. एक घडून गेलेली, ती गुन्ह्याची. दुसरी घडत असलेली, ती शोधाची. वाचणारीला दुसरी दिसते आणि तिच्यातून पहिली थोडी थोडी कळत जाते. लिहिणारीला मात्र पहिली आधी आणि पुरती माहीत पाहिजे. मला ती नव्हती. 'लिहिता लिहिता सुचेल' म्हणून मी सत्तर पानं लिहिली. एकाहत्तराव्या पानावर लक्षात आलं की माझा खुनी एकाच संध्याकाळी बाजारच्या गावीही आहे आणि घरातही आहे. सत्तर पानं बंबात गेली.

म्हणून आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे तक्ता करा. आडवी माणसं, उभ्या वेळा. प्रत्येक माणूस प्रत्येक तासाला कुठे होता, काय करत होता, ते लिहा. मग त्याच्यापुढे दुसऱ्या शाईनं लिहा की तो जबाबात काय सांगतो. दोन्हींत जिथे फरक पडतो तिथे तुमची कादंबरी आहे. हे काम आपल्याला पुरुष लेखकांपेक्षा सोपं जातं. नळाला पाणी साडेपाचला, दूध सहाला, एस.टी. सव्वासातला, मुलांची शाळा, दळण, रेशनची रांग. बाईचा दिवस आधीच वेळापत्रकात बांधलेला असतो. त्यात एक घटका इकडची तिकडे झाली तर शेजारणीच्या लक्षात येते. शोध घ्यायला याहून पक्का धागा कोणता?

दुसरी गोष्ट खुणेची. वाचणारी ज्यावरून ओळखू शकेल अशी वस्तू, असा शब्द. इथे तुम्हाला जरा लांब, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात नेते. अक्कांच्या परातीची थोरली बहीण तिथे आहे. सुसान ग्लास्पेल ही तरुण बातमीदार १९०० च्या डिसेंबरात तिथे झालेल्या एका शेतकऱ्याच्या खुनाच्या बातम्या देत होती. आरोप त्याच्या बायकोवर होता. पुढे १९१६ साली ग्लास्पेलनं त्यावरून 'ट्रायफल्स' ही एकांकिका लिहिली, आणि १९१७ साली तिचीच कथा केली. ट्रायफल्स म्हणजे किरकोळ गोष्टी.

एकांकिकेत नवरा झोपेत गळफासानं मेलेला आहे, बायको तुरुंगात आहे. शेरीफ, सरकारी वकील आणि शेजारी घर तपासायला येतात. सोबत दोघांच्या बायका, कैदेतल्या बाईसाठी कपडे न्यायला आलेल्या. पुरुष माडीवर जातात, गोठ्यात जातात, खुनाचं कारण शोधतात. स्वयंपाकघरात काय असणार, असं म्हणून ते तिथून निघून जातात. बायका तिथेच बसतात. त्यांना दिसतं की टेबल अर्धंच पुसलेलं आहे. गोधडीचे टाके सगळे सरळ, शेवटचे मात्र वेडेवाकडे, म्हणजे शिवताना हात थरथरला. एक पिंजरा आहे, त्याचं दार मोडलेलं. आणि शिवणाच्या पेटीत रेशमी कापडात गुंडाळलेला पक्षी, मान मुरगळलेला. कारण सापडतं. पुरुष खाली येईपर्यंत त्या दोघी पक्षी लपवतात. एकजण वाकडे टाके उसवून नीट घालते.

त्यांनी बरोबर केलं का? यावर तुम्ही रात्री भांडा. मी एवढंच दाखवते की ग्लास्पेलनं एकही खूण बाहेरून आणलेली नाही. सगळं स्वयंपाकघरातच होतं, पण पाहणाऱ्याला ते दिसावं लागतं. कथेला तिनं नाव दिलं त्याचा अर्थ होतो, तिच्या बरोबरीच्यांचे पंच. त्या काळी तिथे बायकांना ज्यूरीत बसता येत नव्हतं. आपल्या पंचनाम्यावरच्या दोन सह्या आठवा.

आता खूण लपवायची कशी? आमच्या अक्कांनी ऐकलं त्या पंचनाम्यानंच ती उत्तम लपवली होती. यादीच्या मधोमध. वाचणारी यादीचा पहिला आणि शेवटचा जिन्नस लक्षात ठेवते, मधल्यावरून डोळा सरकतो. दुसरी युक्ती, खूण दाखवा आणि लगेच भांडण लावा. लक्ष भांडणाकडे जातं. तिसरी, खूण गमतीत सांगा, लोक गंमत हसून सोडून देतात. पण लपवणं वेगळं आणि न सांगणं वेगळं. शोधणाऱ्या बाईला जे दिसलं ते वाचणारीलाही त्याच वेळी दिसलं पाहिजे. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्लंडमधल्या लेखकानं याचे दहा नियम केले होते, ते आता जुने झाले, पण त्यातला हा गाभा टिकून आहे. अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड'वर बाई फसवते असा ओरडा झाला होता. ते पुस्तक दोनदा वाचा. शेवट सांगत नाही. दुसऱ्यांदा वाचताना कळतं की एकही वाक्य खोटं नाही, आपणच सोयीचा अर्थ लावला होता. फसवणूक करायची तर अशी प्रामाणिकपणे करावी.

तिसरी गोष्ट माहितीची. पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती इस्पितळाच्या औषधखान्यात काम करत होती. बाटल्या, मात्रा, विषं, रोज हाताखालून जाणारी. तिथून तिचं १९२० सालचं पहिलं पुस्तक आलं, त्यात स्ट्रिक्निन आहे. तिनं विष ऐकीव लिहिलं नाही. आपल्याकडे काय आहे? पोलीस ठाण्यातलं बाकडं आहे, सरकारी दवाखान्याची ओसरी आहे, कोर्टाची तारीख आहे. हे कुठल्याही इंग्रजी पुस्तकात मिळणार नाही. ते लिहा, पण नीट लिहा. जळालेल्या माणसाच्या श्वासनलिकेत काजळी आहे की नाही हे शवविच्छेदनात पाहतात. असेल तर आग लागली तेव्हा श्वास चालू होता. या एका ओळीवर अख्खी कादंबरी फिरू शकते. कथा कोणत्या सालातली आहे ते आधी ठरवा. ४९८ अ हे कलम १९८३ सालचं, ३०४ ब हे १९८६ चं. १९८० सालच्या गोष्टीत तुमचा फौजदार ती कलमं लावू लागला तर जाणती वाचक पुस्तक मिटेल. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तेच गुन्हे कलम ८५ आणि ८० खाली आहेत. आजची कथा असेल तर आकडे बदला. स्टोव्हही आता फारसे दिसत नाहीत. आजच्या स्वयंपाकघरात ओट्यावर मोबाईल असतो. तो कुणाच्या ताब्यात आहे, कुणाला त्याचा पासवर्ड माहीत आहे, तो किती वाजता बंद झाला, ही आजची परात आहे.

चौथी गोष्ट जरा अवघड आहे. संशय कुणावर न्यायचा? रहस्यकथेला चारपाच संशयित लागतात. हात आपोआप कुठे जातो ते पाहा. मोलकरणीकडे जातो. वस्तीबाहेरच्या पारध्याकडे जातो. दाढीवाल्या परक्या माणसाकडे जातो. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून कितीतरी जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. १९५२ साली तो कायदा गेला, लेखणीतून मात्र गेला नाही. माझ्या पहिल्या खर्ड्यात एक पारधी होता, केवळ वाचकांची दिशाभूल करायला. आमच्या गटातल्या एका मुलीनं विचारलं, "दिशाभूल होईल, असं तुला का वाटलं?" मला उत्तर देता आलं नाही. तो पारधी मी काढला. ज्या समजुतीशी आपण बाहेर भांडतो तिच्यावरच पुस्तकात कोडं उभं करायचं, हे चालणार नाही.

इथेच पुराव्याचं बोलायला हवं. पुण्यातला सारडा खटला तुमच्यातल्या जुन्याजाणत्यांना आठवत असेल. १९८२ साली एका तरुण विवाहितेचा सायनाइडनं मृत्यू झाला. नवऱ्याला खालच्या कोर्टानं फाशी दिली, हायकोर्टानं ती कायम केली, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं कोर्टापुढे होती, पण आत्महत्येची शक्यता खोडून निघत नाही असं कोर्टानं म्हटलं. चळवळीतल्या बायकांच्या तो निकाल जिव्हारी लागला. त्याच निकालात परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वं सांगितली आहेत, त्यांना पंचशील म्हणतात. प्रत्येक परिस्थिती पक्की शाबीत झाली पाहिजे. ती सगळी आरोपीच्या दोषाशीच जुळली पाहिजे. ती निर्णायक असली पाहिजे. दुसरी प्रत्येक शक्यता तिनं बाद केली पाहिजे. आणि साखळीतली एकही कडी तुटता कामा नये.

ही पाच तत्त्वं मी माझ्या टेबलासमोर लावली आहेत. ती वाचून मला राग येतो, आणि त्यांच्याशिवाय मला लिहिता येत नाही. रहस्यकादंबरीचा सांगाडा याहून चांगला कुणी सांगितलेला नाही. शिवाय त्याच तत्त्वांच्या आधारावर उद्या एखादा पारधी सुटू शकतो, हेही विसरू नका. आमचे फौजदार म्हणाले ते उर्मटपणे म्हणाले, पण नऊ भाकरी आणि एक परात ही एकच कडी होती, साखळी नव्हती. बाकीच्या कड्या शोधणं हे त्यांचं काम होतं. ते त्यांनी केलं नाही. कादंबरीत ते काम माझ्याकडे आलं.

पाचवी गोष्ट सांगायला मला जड जातं. तीन वेळा लिहून कादंबरी पुरी झाली तेव्हा मी त्या मुलीच्या आईकडे गेले. नावं, गाव, जात, सगळं बदललं होतं, तरी तिला विचारल्याशिवाय छापायला द्यायचं मन होईना. अंगणात बसून दोन दुपारी वाचून दाखवलं. पुस्तकातली माझी मुलगी कशी होती? शांत, सोशिक, सुगरण, सासूचे पाय चेपणारी. आई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ताई, चांगलं लिवलंस. पर ही माझी पोर न्हाई. माझी पोर तोंडाची फटकळ व्हती. सासूला उलटून बोलायची. भाकरी तर तिची कधी गोल झालीच न्हाई. तू तिची गाय केलीस."

मग थांबून म्हणाली, "भांडकुदळ असती तर मारली ते बरं झालं, असं म्हनतील म्हनून केलीस का?"

होय. त्यासाठीच केलं होतं. वाचकांना तिची दया यावी म्हणून मी तिला गुणी केलं होतं, आणि तसं करताना तिला दुसऱ्यांदा पुसून टाकलं होतं. कोर्टात वकील काय करतो? बाई चांगल्या चालीची होती का, ते विचारतो. मी त्याचंच उत्तर देत बसले होते. डोरोथी सेयर्स या लेखिकेनं १९३० सालच्या 'स्ट्राँग पॉयझन'मध्ये उलट केलं आहे. आरोपीच्या पिंजऱ्यातली हॅरिएट वेन स्वतः रहस्यकथा लिहिणारी आहे. लग्नाशिवाय एका पुरुषाबरोबर राहिलेली, पुस्तकासाठी म्हणून दुकानातून आर्सेनिक विकत घेतलेली. सगळं तिच्या विरुद्ध. सेयर्स तिला सोज्ज्वळ करायला जात नाही. ती निर्दोष आहे, एवढंच पुरेसं आहे.

तेव्हा, मेलेल्या बाईला पहिल्या पानावर नुसतं प्रेत म्हणून टाकू नका, आणि देवीही करू नका. तिला खोडी द्या, हट्ट द्या, कुणाचे तरी उसने पैसे बुडवू द्या. शोध घेताना वाचकाला तिची ओळख होत गेली पाहिजे, कधी रागही आला पाहिजे. मी पुस्तक चौथ्यांदा लिहिलं. ती भांडखोर झाल्याबरोबर एक गंमत झाली. कथानकातली माझी मोठी अडचण सुटली. सोशिक मुलीला कुणी का मारावं याचं कारण मला ओढूनताणून आणावं लागत होतं. उलटून बोलणारी मुलगी आली तेव्हा कारण तिच्या बोलण्यातच होतं. मारणारा त्यामुळे कमी दोषी ठरला नाही. उलट त्याला लपायला जागा उरली नाही.

सहावी गोष्ट थराराची. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि कुणालाच माहीत नाही, तो फुटला तर एक धक्का बसतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं आणि माणसं वर गप्पा मारत बसली, तर तेवढा सगळा वेळ थरार टिकतो. हे हिचकॉकचं म्हणणं. आपल्याला ते सिनेमावाल्याकडून शिकायची गरज नाही. नवऱ्याच्या सायकलचा आवाज, कडी कशी वाजली, चप्पल कशी काढली, यावरून आज रात्र कशी जाणार हे ओळखणाऱ्या बायका रोज आपल्यासमोर बसतात. ते ऐकून ठेवा. फक्त एक पथ्य पाळा. मारहाण लिहिताना मारणाऱ्याच्या डोळ्यांनी लिहू नका. कपडे कसे फाटले, अंग कसं दिसलं, यात वाचक रमायला लागला की आपण कुणासाठी लिहितो आहोत ते विचारा. दाराबाहेरची शेजारीण काय ऐकते, आणि ऐकून टीव्हीचा आवाज का वाढवते, ते लिहिलं तर जास्त भीती वाटते, आणि लाजही वाटते.

सातवी आणि शेवटची गोष्ट, शोध घेणारी कोण? माझ्या आईचा प्रश्न. ख्रिस्तीची मिस मार्पल १९३० सालच्या कादंबरीत आली. म्हातारी, बिनलग्नाची, विणकाम करत बसणारी. तिच्यासमोर लोक मोकळं बोलतात, कारण तिला कुणी मोजतच नाही. १९८२ साली सारा पॅरेट्स्कीची वॉर्शॉस्की आली, शिकागोत स्वतःचं ऑफिस थाटून बसलेली खाजगी डिटेक्टिव्ह. बंगालीत सुचित्रा भट्टाचार्यांची मितिन मावशी आहे. आपली कोण? पिस्तूल आणि परवाना आपल्या बाईकडे नाही. तिला कुठल्या उंबऱ्याच्या आत जाता येतं, हे पाहा. अंगणवाडीची ताई, नर्सबाई, सुईण, बांगड्या भरणारी, अल्पबचतीचे पैसे गोळा करणारी, चार घरची भांडी घासणारी. प्रत्येकीला काही दिसतं आणि काही दिसत नाही. कुठल्या जातीच्या बाईला कुठल्या स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं, यावर आपल्याकडे तपास अडतो. ते झाकू नका, त्यातूनच कथानक करा. आणि ती शोधाला निघाली की तिच्या मुलांना कोण सांभाळतं, रोज कोण बुडवतं, तेही लिहा. पुरुष डिटेक्टिव्हला कधी दळण आणायचं नसतं.

माझ्या कादंबरीत ही बाई म्हणजे अक्का आहेत. त्यांना वाचता येत नाही म्हणून दुसरीनं वाचायचं आणि यांनी ऐकायचं. आधी मला ती अडचण वाटली होती. लिहिताना कळलं की मोठ्यानं वाचल्याशिवाय ती ओळ कुणालाच ऐकू आली नसती.

शेवटाबद्दल एक प्रश्न तुम्ही विचारालच, म्हणून आधीच सांगते. रहस्यकादंबरीत गुन्हेगार सापडतो. आपल्या फायलींत सापडत नाही. मग लिहायचं काय? माझ्या पहिल्या खर्ड्यात नवऱ्याला बेड्या पडत होत्या, गाव टाळ्या वाजवत होतं. ते खोटं होतं. दुसऱ्या खर्ड्यात काहीच होत नव्हतं, ते तर लिहिण्याचा आळस होता. छापलेल्या पुस्तकात कोणी केलं, कसं केलं, हे वाचणारीला पक्कं कळतं. तेवढं कोडं सोडवणं हे लिहिणारीचं कर्ज आहे, ते फेडलंच पाहिजे. शिक्षा होते की नाही ते तिथे नाही. शेवटच्या पानावर फेरतपासाचा अर्ज आहे आणि त्याखाली सात अंगठे.

मुलीच्या आईनं चौथा खर्डाही ऐकला. गावाचं नाव अजून लांबचं कर म्हणाली. एक प्रसंग काढायला सांगितला, तो मी काढला, तो कोणता ते सांगणार नाही. मी विचारलं, "परातही काढू का? त्यावरून कुणी ओळखेल." ती म्हणाली, "परात ऱ्हाऊ दे. वळखू देत."

आता बोलणं पुरे. कागद वाटते आहे. अर्धा तास आहे. डोळे मिटून आपापल्या स्वयंपाकघरात या क्षणी काय काय कुठे आहे ते आठवा आणि दहा वस्तूंची यादी करा, पंचनाम्यात करतात तशी, नग आणि जागा लिहून. मग त्यातली एकच वस्तू जागची हलवा. ती कुणी हलवली आणि का, ते ठरवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीला सांगायचं. आणि शेजारणीनं मधे मधे विचारायचं, "मागे जा, कशी होती म्हणालीस?"